छापील शून्य

वाघीण भिंत फोडून आत आली तेव्हा बारक्या जेवणाच्या डब्याचं झाकण काढत होता. वाघीण म्हणजे मालाचा उघडा लोखंडी गाडा, आणि ही तर भंगारानं काठोकाठ भरलेली, वीस टनांची. रुळाच्या शेवटी तिला अडवायला जो ठोकळा बसवला होता त्याचे बोल्ट ताडकन तुटले, ठोकळा मागच्या भिंतीत घुसला, भिंत जेवणखोलीत कोसळली आणि तिच्यावरून वाघिणीचं तोंड आत आलं. बारक्या बाकावर बसला होता. बाक, बारक्या आणि पलीकडची भिंत यांच्यामध्ये वीतभरही जागा उरली नाही.

इंजिनाच्या ड्रायव्हरनं उडी टाकली आणि तो धावत आला. विटा हातांनी उपसायला लागला. नखं निघाली, बोटं सोलली, तरी उपसत होता. शेवटी बारक्याचा एक पाय हाती लागला, बुटासकट, आणि त्याच्याबरोबर बाकीचा बारक्या काही बाहेर आला नाही. तेव्हा तो माणूस जो काही ओरडला, ते ऐकून वितळभट्टीवरची माणसं कामं टाकून धावली. भट्टीच्या घरघरीत एरवी शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही, यावरून काय ते समजा.

बारक्या वाघिणींच्या कड्या जोडायचा आणि सोडायचा. वय सव्वीस. लग्न ठरलेलं. आईबापामागे त्याला थोरल्या भावानं वाढवला होता, आणि तो थोरला भाऊ त्याच कारखान्यात, लोहारशाळेत घण मारायचा. सगळे त्याला घणवालाच म्हणत. त्यानं भावाला उचलू दिलं नाही कुणाला. स्वतः उचलला, जेवढा उचलता आला तेवढा, आणि बाहेर आणून अंगातल्या सदऱ्यानं झाकला. रडला नाही. नुसता विचारत होता, "गाडी कुणी लावली? गाडी कुणी लावली?"

गाडी दाजींनी लावली होती.

दाजी म्हणजे तो नखं निघालेला ड्रायव्हर. सगळ्या कारखान्याचे ते काही दाजी नव्हते, एकाच माणसाचे होते, आणि ज्याची ही गोष्ट आहे तो हाच माणूस. मोजणीखोलीत बसायचा. ताईचा नवरा म्हणून हा त्यांना दाजी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून बाकीचेही म्हणायला लागले. याला मात्र सगळे दशांश म्हणत. कारण काय, तर कुणी विचारलं, "किती वाजले?" की हा सेकंदासकट सांगणार. ताईनं ताटात दीड पोळी वाढली तर हा म्हणणार, "एक पॉइंट चार आहे, ताई." ताई लाटणं उगारायची. लग्न केलं नव्हतं त्यानं, वीस वर्षं ताईच्याच घरी राहत होता. दाजींच्या शेजारी बसून जेवायचा आणि त्यांच्याच सायकलवर मागे बसून कामावर यायचा.

काम त्याचं असं की कारखान्यात जिथं जिथं एक जड वस्तू दुसऱ्या जड वस्तूवर आदळते, तिथं किती जोर बसतो ते काढायचं. म्हणजे मग तिथले बोल्ट किती जाड हवेत ते ठरतं. पद्धत सोपी आहे, उगाच घाबरू नका. आदळणाऱ्या वस्तूचं वजन घ्यायचं. आदळण्याआधीचा वेग घ्यायचा आणि आदळल्यानंतरचा वेग घ्यायचा. वेगात किती फरक पडला ते काढून वजनानं गुणायचं. हा झाला धक्का. मग तो धक्का बसायला किती वेळ लागला त्यानं भागायचं, की सरासरी जोर निघाला. तोच धक्का सावकाश बसला तर जोर कमी, झटक्यात बसला तर जोर जास्त. गादीवर पडलेला माणूस उठून बसतो आणि फरशीवर पडलेल्याला उचलावं लागतं, तसं.

जुना ठोकळा वाळूचा होता. लाकडी खोका, त्यात ठासून वाळू. वाघीण यायची, वाळूत तोंड खुपसायची आणि तिथंच बसायची. इंजिन तिला शेवटच्या दहा मीटरवर ढकलून सोडून द्यायचं, वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे माणूस भरभर चालेल इतका. त्याहून जास्त वेगानं ढकलायचं नाही असा कारखान्याचा नियम. वाळूत रुतली की नंतरचा वेग शून्य. एकोणीस वर्षं दशांश आपल्या तक्त्यात तेच लिहीत आला. आधीचा वेग अमुक, नंतरचा वेग शून्य. लिहून लिहून कंटाळला आणि त्यानं काय केलं माहीत आहे? नवे तक्ते छापून घेताना ते शून्य छापूनच घेतलं. "रोज एकच आकडा कशाला गिरवत बसू?" म्हणाला. एवढा काटेकोर माणूस, पण आळस कुठून शिरेल सांगता येत नाही.

मग वाळूचा ठोकळा गेला आणि दोन्ही रुळांवर स्प्रिंगचे ठोकळे आले. वाळू सारखी भरावी लागायची, स्प्रिंगला काही करावं लागत नाही. चाचणीला भरलेली वाघीण अगदी सावकाश, निम्म्या वेगानं लावली. दशांश स्टॉपवॉच घेऊन उभा. वाघीण टेकली, स्प्रिंग दबली, आणि वाघीण टुणकन परत आली. सगळे हसले. बारक्या तर म्हणाला, "ही कसली वाघीण, हा तर एडका! ढुशी मारून मागं सरतोय." दशांशही हसला. टेकल्यापासून सुटेपर्यंत अर्धा सेकंद, हे त्यानं बिनचूक टिपलं. खोलीत येऊन तक्ता भरला. वीस हजार किलो गुणिले नियमाचा दीड, भागिले अर्धा. साठ हजार, म्हणजे सहा टनांचा जोर. सावधगिरी म्हणून त्यानं दीडपट धरून नऊ टनांचे बोल्ट लिहून दिले आणि सही केली.

पहिले दोन आठवडे ड्रायव्हर लोक नव्या ठोकळ्याला बिचकून होते, गाडी अगदी हळू लावायचे. मग वरून निरोप आला, पुरे झाले लाड, नियमाच्या वेगानं लावा. दाजींनी त्या दुपारी नियमाच्या वेगानं लावली.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. मोठ्या ऑफिसातून आलेले, सडपातळ, घाईत. मोजणीखोलीत टेबलाभोवती साहेब, दशांश, दाजी आणि दाराशी दहापंधरा माणसं उभी, त्यांत घणवाला. साहेबांनी त्याच खेपेतले न तुटलेले बोल्ट ताणून बघितले होते. ते बरोबर नऊ टनांनाच तुटले, म्हणजे बोल्टांत खोट नव्हती.

"तेव्हा प्रश्न एकच," साहेब म्हणाले. "नऊ टनांचा जोर बसायला गाडीचा वेग किती हवा? काढा."

दशांशनं छापील तक्ता पुढे ओढला. दाजी समोर बसले होते, दहाही बोटांना पट्ट्या. ते म्हणाले, "दीडच होता वेग. मी काट्यावर नजर ठेवून होतो. अरे, तू तरी सांग यांना, मी कधी गाडी हाणतो का?"

दशांश आकडेमोड करत होता. तो म्हणाला, "एक मिनिट, दाजी." मान वर केली नाही. नऊ टनांचे न्यूटन केले, अर्ध्या सेकंदानं गुणले, वीस हजारांनी भागले. "दोन पॉइंट दोन," तो म्हणाला.

"म्हणजे नियमाच्या जवळजवळ दीडपट," साहेब म्हणाले. "सही करा."

त्यानं सही केली. काय करणार होता? आकडा समोर होता. एवढी वर्षं आकड्यानं त्याला कधी दगा दिला नव्हता, आणि माणसं तर काय, भीतीपोटी काहीही बोलतात, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली नाही. दाजी त्याच्याकडे बघत राहिले. साहेब कागद बॅगेत घालून गाडीकडे निघाले. दारातली गर्दी पांगली, आणि घणवाला सगळ्यांच्या आधी गेला.

दशांश एकटाच रुळांकडे गेला. तुटलेल्या ठोकळ्याचं एक शेवटचं माप राहिलं होतं. राहिलं असतं तरी आभाळ कोसळलं नसतं, पण त्याला खोलीत बसवेना. शेजारच्या दुसऱ्या रुळावर काम चालूच होतं. कारखाना कुणासाठी थांबतो? फक्त अपघातानंतर ड्रायव्हर पुन्हा हळू लावायला लागले होते. एक वाघीण आली, तिथल्या स्प्रिंगच्या ठोकळ्यावर टेकली आणि परत त्याच्या दिशेनं यायला लागली. रेंगाळत नव्हे, चांगली खडखडत. त्याला रुळावरून पाय मागे घ्यावा लागला.

तो तसाच उभा राहिला. पुढची वाघीण आली. या वेळी त्यानं घड्याळ लावलं. जाताना सेकंदाला एक मीटर. येताना शून्य पॉइंट आठ.

थांबलेल्या वाघिणीच्या पत्र्यावर त्यानं खडूनं लिहायला घेतलं. दीडनं गेली तर एक पॉइंट दोननं परत येणार. ठोकळ्याला नुसतं थांबवायचं नाहीये तिला, थांबवून वर उलटी फेकायचीय. दीड घालवायचे आणि एक पॉइंट दोन नवे द्यायचे. फरक दीडचा नाही, दोन पॉइंट सातचा. गुणिले वीस हजार, चोपन्न हजार. आणि वेळ तोच, अर्धा सेकंद, कारण टेकल्यापासून सुटेपर्यंतचाच तर त्यानं मोजला होता, आणि गाडी हळू आली काय नि जोरात आली काय, स्प्रिंगला वेळ तेवढाच लागतो. एक लाख आठ हजार. अकरा टन.

नियमाच्या वेगानं, सरळ चालीनं, अकरा टन. आणि बोल्ट नऊचे. दाजींच्या जागी देवाला बसवलं असतं तरी तो ठोकळा तुटला असता.

आता धीट माणसानं काय केलं असतं ते मला विचारू नका. या माणसानं काय केलं ते सांगतो. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि बाहीनं पत्रा पुसला. उद्या साहेबांना पत्र लिहू, असं मनाशी म्हणाला. सावकाश, नीट शब्दांत. 'फेरतपासणी केली असता' असं काहीतरी. कुणाला कळायच्या आत बदलीसुद्धा मागता येईल. खडू त्यानं खिशात टाकला आणि हात झटकले.

तेवढ्यात लोहारशाळेतून दाजींचा आवाज आला. शब्द नव्हता तो, नुसता आवाज. माणसाचा आहे की जनावराचा, हेसुद्धा क्षणभर कळलं नाही त्याला.

तो धावला. असा धावला की एक चप्पल रुळांतच राहिली.

लोहारशाळेचं दार आतून लावलं होतं. तो बाजूच्या कोळशाच्या खिडकीतून आत घुसला. आत सातआठ जण होते. दाजी जमिनीवर पडले होते आणि त्यांच्या तोंडाचा चेंदामेंदा झाला होता. एक डोळा पार बंद, ओठ फाटून हनुवटीवर आलेला. एक जण त्यांच्या बरगड्यांत लाथा घालत होता, अगदी मोजून, दम घेत घेत. प्रत्येक लाथेला दाजींच्या तोंडातून लाल फेस यायचा. घणवाला ऐरणीपाशी उभा होता, हातात सोळा पौंडी घण.

"उचला," घणवाला म्हणाला. "ज्या हातानं हँडल ओढलं तो हात आणा इकडे."

दोघांनी दाजींना केसांना आणि काखेला धरून उचललं आणि त्यांचा उजवा हात ऐरणीवर ठेवला. बोटांच्या पट्ट्या सुटून लोंबत होत्या. दाजी म्हणाले, "दीडच होता रे, लेकरा." घणवाल्याला त्यांनी लेकरा म्हटलं. त्याच्या जोडीदारानं फाडकन दाजींच्या फाटक्या तोंडावर मारली.

"थांबा!" दशांश ओरडला. "वेग दीडच होता! ते खरं बोलतायत!"

सगळे वळले. कुणीतरी हसलं. "आला मेव्हणा! आता आठवलं का रे नातं?" एकानं त्याला गचांडी धरून भिंतीवर आपटलं. टाळकं विटेवर आदळलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. "दोन तासांपूर्वी सही केलीस ना, भाड्या? दोन पॉइंट दोन म्हणालास ना?"

"चुकलं माझं! आकडा चुकला!"

"तुझा?" तो माणूस म्हणाला. "तुझा आकडा चुकत नाही कधी." आणि त्यानं त्याच्या पोटात गुडघा घातला.

दशांश वाकला आणि ओकला. ओकता ओकताच त्याला कळलं की हे गणित इथं कुणी ऐकून घेणार नाही, आणि घण तर वर चालला आहे. तो घणवाल्याकडे बघून जिवाच्या आकांतानं किंचाळला, "रिकाम्या ऐरणीवर घण मारू देतोस का तू कुणाला?"

घण थांबला. असला प्रश्न असल्या वेळी कोण विचारतं? घणवाल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय बरळतोय हा?"

"सांग ना! ऐरणीवर तापलेलं लोखंड नसेल तर मारू देतोस का?"

"नाही."

"का?"

"घण उसळतो." सवयीचं उत्तर होतं, नव्या माणसाला पहिल्या दिवशी देतात ते. "उसळला की ऐरणीच्या बुडाचे बोल्ट ढिले होतात. तापल्या लोखंडावर घण बसतो, उसळत नाही, तेव्हा काही होत नाही."

"घण तोच, मारणारा तोच, जोर लावलास तोही तोच," दशांश म्हणाला. तो हातांपायांवर रांगत पुढे येत होता, आणि त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. "मग उसळल्यावर बोल्ट का हलतात? परत फेकायला जादा जोर लागतो म्हणून. दुप्पट लागतो जवळजवळ. हे तुझ्या मनगटाला माहीत आहे. जुना ठोकळा वाळूचा होता, गाडी त्यात बसायची. नवा स्प्रिंगचा आहे. त्यावर गाडी उसळते. मी बसते असं धरलं. नियमाच्या वेगालाच अकरा टन बसत होते, बोल्ट नऊचे होते. दाजींनी काही केलेलं नाही. त्यांनी सांगितलं तसंच झालंय सगळं."

घणवाल्यानं घण खाली आणला, ऐरणीच्या कडेवर टेकवला आणि नुसता त्याच्या दांड्याकडे बघत राहिला. शाळेत तो चौथीपुढे गेला नव्हता, पण सोळा वर्षं घण मारत होता. त्याला समजावं म्हणून दुसरं काही सांगायची गरज नव्हती. त्याला समजत जाताना दिसत होतं, आणि ते बघणं फार भयंकर होतं.

"सोडा त्यांना," तो म्हणाला. दाजींना धरणाऱ्यांनी हात सोडले. दाजी पोतं पडावं तसे खाली पडले.

"नऊचे बोल्ट कुणी ठरवले?" घणवाल्यानं विचारलं.

"मी."

"गाडी उसळते हे तुला ठाऊक नव्हतं?"

इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. नव्हतं म्हणाला असता तर कदाचित वाचलाही असता. पण दाजी एका डोळ्यानं त्याच्याकडे बघत होते.

"ठाऊक होतं," दशांश म्हणाला. "चाचणीला समोर उभा होतो. बारक्या पण होता. हसलो आम्ही. खोलीत आलो आणि तक्त्यावर शून्य छापलेलं होतं, ते खोडलं नाही."

"खोडलं नाही."

"नाही. लक्षातच आलं नाही."

"माझा भाऊ..." घणवाला म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मग तो एकदम ओरडला, "आणा त्याला इकडे!"

हौतात्म्य वगैरे काही नव्हतं तिथं. दशांश गयावया करायला लागला. पाय धरले, दाराकडे पळाला, पकडला गेला, पकडणाऱ्याच्या मनगटाला चावला. त्याच्या कानाखाली अशी बसली की कानातून रक्त आलं. पँट ओली झाली. तिघांनी मिळून त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबला. कुणीतरी बोटं पसरवली, एकेक करून. तो ताईला हाक मारत होता, आईला नव्हे, ताईला.

घण वर गेला. दाजी जमिनीवरून सरपटत आले होते, कुणाचं लक्षच नव्हतं. त्यांनी घणवाल्याच्या पायाला मिठी मारली आणि अंगात उरलेल्या ताकदीनं ओढलं. "बास रे," ते फाटक्या तोंडानं म्हणत होते. "बास आता. पोरगा गेला तेवढं बास."

घण हलला, पण थांबला नाही. हातावर मधोमध पडायचा तो कडेला पडला. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, तिन्ही ऐरणीवर चपटी झाली. खाली लोखंड होतं, त्यामुळे घण उसळला, पुन्हा आपटला आणि मग शांत झाला.

घणवाला घण टाकून कोपऱ्यात जाऊन बसला आणि हमसून हमसून रडला. पोलीस आले तेव्हाही तो तिथंच होता. विचारण्याआधीच उठला आणि त्यांच्याबरोबर गेला.

हॉस्पिटलात दाजींना आणि दशांशला शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. दाजींच्या चार बरगड्या मोडल्या होत्या, डोळा वाचेल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हते. चौकशीचे साहेब पुन्हा येऊन गेले. दशांशनं पडल्यापडल्या सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, दाजींचं नाव कागदावरून काढलं आणि दशांशचं घातलं. ते म्हणाले, "तुम्ही स्वतःहून सांगितलंत, हे मी नमूद करीन." दशांशला तेवढ्यानं बरं वाटलं. माणूसच तो. बोटं गेली, नोकरी जाणार, खटला होणार, पण दाजी वाचले आणि खरं ते बोलून झालं, असं तो स्वतःशी घोकत होता.

संध्याकाळी ताई आली. आधी नवऱ्याला भरवलं. थेंब थेंब पेज, फाटक्या ओठांतून, तासभर. मग वाटी धुऊन भावाच्या खाटेवर येऊन बसली आणि त्याला भरवायला लागली, कारण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता.

"ताई," तो म्हणाला, "माझा आकडा चुकला गं."

"कळलं मला," ती म्हणाली. "आकडा चुकतो. माणूस आहेस. त्याचं मी काही म्हणत नाही."

तिनं चमचा भरला.

"ह्यांनी भर खोलीत तुला सांगितलं, वेग दीडच होता म्हणून. वीस वर्षं ह्यांच्या सायकलवर मागे बसलास. उतार आला की हे उतरून हातात धरून नेतात सायकल, तू पडशील म्हणून. आणि तू मान वर करून बघितलंसुद्धा नाहीस ह्यांच्याकडे?"

शेजारच्या खाटेवरून दाजी पुटपुटले, "असू दे गं. दुखत असेल त्याला."

"दुखू दे," ताई म्हणाली.

दशांश रडायला लागला, लहान पोरासारखा, तोंडातली पेज गळत होती. ताईनं पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि चमचा पुन्हा पुढे केला. त्याला जवळ घेतलं नाही.